तान्ह्या बाळाच्या खोकल्यात आवाज शोधत बसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधानं लेकरं गेली, त्यातली काही नागपूरच्या दवाखान्यांत दगावली, तेव्हापासून लहान मुलांच्या खोकल्याविषयी बरंच छापून येतं आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखालीही शक्यतो टाळावीत, अशी केंद्राची सूचना ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. ते योग्यच झालं. पण आईच्या हातातली बाटली काढून घेतल्यावर तिनं बाळाच्या खोकल्याचं करायचं काय, कोणता खोकला अंगावर काढायचा आणि कोणता घेऊन रात्री-अपरात्री निघायचं, हे कुणी तिच्याशी बसून बोललं नाही. बहुतेक खोकले आठ-दहा दिवसांत आपोआप जातात. डांग्या खोकला तसा जात नाही, आणि तान्ह्या बाळाला तो आपल्या ओळखीच्या रूपात येतही नाही. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. नोकरीची बहुतेक वर्षं शिरूर कासार आणि पाटोदा या तालुक्यांत गेली. हा ऊसतोड कामगारांचा मुलूख. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव कारखान्यांच्या वाटेला लागतं आणि पाडव्याच्या मागेपुढे परत येतं. अंगावर पिणारं लेकरू आईबरोबरच जातं, त्याला दुसरीकडे ठेवणार कुठे?

मोठ्या मुलाचा डांग्या खोकला जुन्या बायका दोन घरं पलीकडून ओळखायच्या. उबळ आली की पोरगं एका दमात दहा-पंधरा वेळा खोकतं, मधे श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, तोंड लाल होऊन मग काळंनिळं पडतं, जीभ बाहेर येते, आणि उबळ संपता संपता आत ओढलेल्या श्वासाचा तो लांब 'हूऽऽप' असा आवाज. मग तार सुटणारा चिकट कफ, आणि बहुतेक वेळा उलटी. रात्री जास्त. जोरानं कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं, ते बघून घरचे हादरतात, पण ते आपोआप निवळतं. दोन उबळींच्या मधे मात्र तेच पोरगं अंगणात खेळत असतं. ताप नसतो, असला तर नावाला. दवाखान्यात नेलं आणि तिथे उबळ आलीच नाही, तर छाती स्वच्छ, मूल हसतंय, मग सर्दीचं औषध देऊन घरी पाठवतात. डॉक्टरांना तरी काय बोल लावायचा? जे त्यांच्यासमोर घडलंच नाही, ते त्यांना कसं कळणार?

आणि हे चित्र दिसायला लागतं तेव्हा आजार दुसऱ्या टप्प्यात गेलेला असतो. पहिला आठवडा-दीड आठवडा नुसती सर्दी असते. नाक गळतं, शिंका येतात, बारीक खोकला. नेमका याच दिवसांत तो सगळ्यांत जास्त पसरतो. याचा जंतू बोर्डेटेला पर्ट्युसिस. ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी तो १९०६ साली ब्रुसेल्समध्ये वेगळा काढून वाढवून दाखवला. श्वासनलिकेच्या आत बारीक केस असतात, ते सतत हलून कफ वर ढकलत असतात. हा जंतू त्या केसांना चिकटतो आणि विष सोडतो. केस निकामी झाले की कफ साचतो, आणि तो काढायला शरीराकडे खोकण्यावाचून दुसरं काही उरत नाही. जंतू मेल्यावरही ती इजा भरून यायला वेळ लागतो, म्हणून खोकला दोन-दोन, तीन-तीन महिने रेंगाळतो. औषध चालू असताना खोकला थांबत नाही म्हणून चार दवाखाने बदलणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना हे एवढं समजावून सांगितलं असतं तर त्यांचे पैसे आणि हेलपाटे वाचले असते.

आता मुद्द्याचं. सहा महिन्यांखालचं बाळ तो 'हूप' आवाज बहुधा काढत नाही. त्याच्या छातीत तेवढा जोर नसतो. काही बाळं धड खोकतही नाहीत. दूध पिता पिता थांबतात, डोळे मोठे करतात, घशात काही अडकल्यासारखं करतात, चेहरा लाल व्हायच्या ऐवजी फिका किंवा निळसर पडतो, आणि श्वास थांबतो. थोड्या वेळानं परत सुरू होतो. घरच्यांना वाटतं ठसका लागला, दूध नाकात गेलं, नाहीतर दृष्ट लागली.

एका हंगामात एक जोडपं भावकीतल्या दहाव्यासाठी मधेच गावी आलं होतं. बाळ दोन महिन्यांचं. आई उपकेंद्रावर येऊन म्हणाली, "सिस्टर, ह्याला खोकला असा नाहीच, पण पिताना दम कोंडतो." ऊसतोडीच्या मुक्कामाच्या तळाजवळच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं होतं, सर्दीचे थेंब मिळाले होते. सासू उंबऱ्यातूनच म्हणाली, "आवं, कफ हाय नुसता. गुटी दिली की पडंल." मी बाळाला मांडीवर घेतलं, घड्याळ समोर धरलं आणि श्वास मोजले. तान्ह्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करून चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. आकडा नेमात होता. छातीतही काही ऐकू आलं नाही. वजन मात्र वाढायला हवं तेवढं वाढलेलं नव्हतं. मी आईला म्हटलं, इथेच बस आणि माझ्यासमोर पाज. दोन-चार घोट घेतले असतील, बाळ ताठ झालं, मुठी वळल्या, ओठांभोवती निळी कड आली. आवाज काहीही नाही. पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे श्वास आला. १०८ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत बाळाच्या चुलत्याच्या हातात मोबाइल देऊन सांगितलं, पुढची उबळ येईल ती पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपायची. ती आलीच. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी तो व्हिडिओ पाहिला आणि लगेच बाळाला दाखल करून ऑक्सिजन लावला. नाकातून आत बारीक काडी घालून तपासणीसाठी स्वॅब घेतला. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या निघाल्या. या आजारात तान्ह्यांच्या बाबतीत ती धोक्याची खूण असते. बाळ बरेच दिवस तिथे राहिलं, आणि वाचलं.

घरात खोकला कुणाला आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी नाही म्हटलं. सासू त्याच वेळी पदर तोंडाला लावून खोकत होती. महिना झाला होता तिला. चुलीच्या धुराचा खोकला म्हणून कुणी तो मोजलाच नव्हता.

डांग्या खोकला लहान मुलांचा आजार म्हणतात, पण तान्ह्यांना तो बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच मिळतो. लहानपणी लस घेतलेली असो की आजार होऊन गेलेला असो, त्याची ताकद जन्मभर पुरत नाही. मोठ्या माणसात तो साधा लांबलेला खोकला बनून राहतो. ज्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही अशी दहा माणसं एका घरात असतील, तर एकापासून आठ-नऊ जणांना लागू शकतो, इतका हा पसरणारा आहे. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा, असं आपण गावोगावच्या भिंतींवर रंगवलं. त्याच भिंतीवर खाली आणखी एक ओळ हवी: घरात तान्हं बाळ असेल तर खोकणाऱ्यानं त्याला घेऊ नये, आधी स्वतःला दाखवून घ्यावं. नातवाला घेऊ नका असं सुनेनं सासूला सांगणं किती अवघड असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. घरात त्यावरून भांडणं होतात. म्हणून ते सुनेवर टाकू नये, आशाताईनं आणि सिस्टरनं घरी जाऊन सांगावं, म्हणजे राग आमच्यावर निघतो आणि बाळ सुरक्षित राहतं.

कधी निघायचं, ते स्पष्ट लिहिते. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि खोकला किंवा पिताना दम कोंडणं दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा. ताप नाही म्हणून थांबू नका. श्वास एकदा जरी थांबला, उबळीत ओठ किंवा जीभ निळी पडली, उबळीनंतर बाळ मलूल होऊन पडलं, झटका आला, अंगावर ओढेनासं झालं, लघवी कमी झाली, तर रात्र असो की पाऊस, निघायचंच. सावळ्या बाळाचा निळेपणा गालावर कळत नाही, तो ओठांच्या आतल्या बाजूला, जिभेवर आणि नखांत बघावा. पोट उडत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तरी निघायचं. बाळ शांत असताना श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर ते जास्तच आहेत. पण त्या बाळासारखं श्वास नेमात असूनही बाळ धोक्यात असू शकतं, म्हणून आकडा बरा आला की बाकीच्या खुणा सोडून देऊ नका. मोठ्या मुलाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, खोकून खोकून उलटी व्हायला लागली, किंवा वर्गातल्या, शेजारच्या कुणाला डांग्या झाल्याचं कळलं, तर दवाखान्यात त्याचं नाव घेऊन सांगा. आणि मोबाइलवर उबळ टिपून न्या. आज ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीतसुद्धा एक तरी स्मार्टफोन असतो.

उबळ चालू असताना बाळाला कुशीवर किंवा जरा पालथं धरा, डोकं थोडं खाली, तोंडाशी आलेला कफ मऊ फडक्यानं पुसा. बोट घालून कफ काढू नका, पाणी पाजू नका, गुटी तर नाहीच. श्वास कोंडलेल्या लेकराच्या तोंडात काहीही घातलं तर ते फुप्फुसात जातं. मध वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला देऊ नये. ओव्याची धुरी, छातीवर बिब्ब्याचे चटके, हे अजूनही चालतं आणि ते बघून माझ्या अंगावर काटा येतो. अगोदरच दम लागलेल्या जिवाला धूर आणि भाजणं कशाला? उबळ ओसरली की थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा.

औषध आहे. जंतूवर अझिथ्रोमायसिन चालतं, साधारण पाच दिवसांचं, बाळाच्या वजनावर मात्रा ठरते, म्हणून ते दुकानातून आपल्या मनानं आणू नये. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर आजाराचा जोर कमी होतो. उशीर झाला तर खोकल्यावर फारसा उपयोग होत नाही, पण दुसऱ्यांना लागण्याचं थांबतं, आणि तेही काही कमी नाही. घरातल्या बाकीच्यांनाही डॉक्टर ते देतात. औषध सुरू केल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत, अंगणवाडीत पाठवू नये. औषध घेतलंच नसेल तर खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवडे.

आता लशीकडे येते. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, असे पेंटाचे तीन डोस डाव्या मांडीत देतात. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) अशा पाच आजारांची लस असते. पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत त्रिगुणीचा, म्हणजे घटसर्प-डांग्या-धनुर्वाताच्या लशीचा बूस्टर, पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान दुसरा. आता हे आमच्या भागाच्या वर्षाशी ताडून बघा. पावसाळ्याच्या अखेरीला जन्मलेलं बाळ पहिल्या डोसाला येण्याआधीच आईबरोबर उसाच्या फडावर गेलेलं असतं. तिन्ही डोसांच्या तारखा हंगामात पडतात. पाडव्याला गावी येतं तेव्हा ते सहा-सात महिन्यांचं, आणि कार्डावर जन्माच्या लशी सोडल्या तर सगळे रकाने कोरे. ज्या महिन्यांत हा आजार जिवावर बेततो, ते सगळे महिने निघून गेलेले असतात.

कारखान्याच्या भागात लसीकरण होत नाही असं नाही. सिस्टर येतात, पण दिवसा. जोडपी तर पहाटे अंधारातच फडात गेलेली. कोपीत आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण बाळाला कडेवर घेऊन बसलेली असते, तिला कार्ड कुठे ठेवलंय ते माहीत नसतं, आणि आईला न विचारता सुई टोचली तर संध्याकाळी आपल्याला मार बसेल ही भीती. मग सत्र संपतं आणि अहवालात बाळ 'गैरहजर' पडतं. ते गैरहजर नव्हतं, समोरच होतं. ही सत्रं उसाच्या गाड्या रिकाम्या होऊन बायका कोपीवर आल्यावर, संध्याकाळी लावायला हवीत. त्यासाठी सिस्टरला परतायला वाहन आणि सोबत द्यायला हवी, एवढंच. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हापासून हंगामाआधी त्यांची आरोग्य तपासणी करण्याचं ठरलं. त्याच तपासणीत कडेवरच्या बाळाचं कार्ड उघडून बघितलं, जे डोस द्यायचे झाले असतील ते दिले, आणि पुढची तारीख कार्डावर ठळक लिहून दिली, तर वेगळा खर्च काहीच येणार नाही.

आयांसाठीही सांगते. डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो आणि फुकट मिळतो, तुम्ही कोल्हापूरला असा नाहीतर बेळगावकडे कर्नाटकात. तुम्ही इथल्या नाही म्हणून परत पाठवायचा अधिकार कुणाला नाही. एक डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेले डोस किमान चार आठवड्यांच्या अंतरानं पुढे चालू होतात. पेंटा वर्षाच्या आत कधीही सुरू करता येते. वर्ष उलटून गेलं असेल तर त्रिगुणी सात वर्षांपर्यंत देता येते. कार्ड हरवलं तरी या.

डोसानंतर ताप येतो, मांडी दुखते, बाळ रात्रभर रडतं, आणि सकाळी आईला कोयता घेऊन जायचं असतं. तिची अडचण खरी आहे, तिला अडाणी म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पॅरासिटामॉलची मात्रा नीट सांगितली, दिवस-दोन दिवसांत ताप उतरेल हे सांगितलं, तर तीच आई पुढच्या डोसाला स्वतः येते. भीतीपायी लस बंद पडली तर काय होतं, हे जपाननं भोगलं. तिथे लशीनंतर दोन बाळं दगावल्यामुळे १९७५ मध्ये ती थांबवली, मग पुन्हा सुरू झाली तरी लोक घेईनात. १९७९ मध्ये तिथे सुमारे १३,००० जणांना डांग्या झाला आणि ४१ जण गेले.

लस जपणंही आलं. डांग्याची लस गोठली की मेली. सत्राच्या दिवशी सकाळी बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून आम्ही ओट्यावर मांडून ठेवायचो. त्यांना घाम फुटला पाहिजे आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, तेव्हाच ते कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात जायचे. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असायचा, पण त्या घाईत थंडगार पॅक लशीला चिकटला तर दिवसभर नुसतं पाणी टोचल्यासारखं होतं. नव्या मुलींनी हे काम कुणावर सोपवू नये.

सरकारकडेही एक मागणी आहे. पहिल्या डोसाच्या आधीचा दीड महिना बाळाला कोण सांभाळणार? गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत आईला टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्याची लस दिली तर तिच्या रक्तातून बाळाला संरक्षण मिळतं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून अशीच लस गरोदर बायकांना देतात, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळांत ती सुमारे नव्वद टक्के उपयोगी पडली. आपल्याकडे खासगीत पैसे मोजून मिळते. उपकेंद्रावर आम्ही देतो ती टीडी, त्यात धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या नाही. जिला परवडतं तिच्या बाळाला पहिल्या दिवसापासून कवच, आणि फडावर सहाव्या आठवड्याची वाट बघणाऱ्या बाळाला काही नाही, हे मला पटत नाही. निदान ऊसतोडीच्या तालुक्यांपासून तरी सुरुवात करावी.

शेवटी ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादम मंडळींना सांगणं आहे. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देताना जोडप्याची सगळी कागदपत्रं तुम्ही बघता, त्यात लेकराचं लसीचं कार्ड आहे का तेही बघा. तळ पडला की जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन आपल्याकडे किती तान्ही बाळं आहेत ते कळवा. आणि रात्री दोन वाजता एखाद्या बाळाचा श्वास अडकला, तर कुणाची गाडी निघणार, कोण चालवणार आणि कुठल्या दवाखान्यात जायचं, हे पहिली मोळी पडायच्या आधी ठरवून ठेवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. शिरूर कासार, जि. बीड